पगारावर नांदताना

दाराची कडी वाजली आणि शांतता मोडली. तिकिटं काढलेले पर्यटक बूट घालूनच उंबऱ्यावर चढले. मी जातं ओढू लागले.

“पडकं लाकडी घर उतरवलं आणि त्याच खांब-तुळयांचं या हिल स्टेशनवर पर्यटनकेंद्र उभं केलं,” आर्किटेक्ट साहेब सांगत होते. पडकं नव्हतं, आमचं होतं. आता त्याच घरात, पर्यटकांना जुना संसार दाखवायला, मी पगारावर नांदते.

“अय्या, पाळण्यात खरं मूल!” एक बाई हसली.

साहेब वैतागले. “वहिनी, हिला उचला. तिथे बाहुली ठेवायचीय.”

पाय मुडपून झोपलेल्या चार वर्षांच्या लेकीला मी अलगद उचललं. ती जागी झाली, तोवर पाळण्यात बाहुली होती.

संध्याकाळी कुलूप लागलं. आमच्या पत्र्याच्या खोलीकडे उतरताना लेकीनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. “आई, बाहुली रात्री आपल्या घरात झोपणार. मग मी का नाही?”