दिसल्याची बातमी

“हाक की गं जरा जोरात, नाहीतर परत सगळं उरकल्यावर पोचू,” मागच्या सीटवरून आत्याबाई कुरकुरल्या.

अकरा वर्षं मी या अभयारण्यात जीप चालवतेय. आज गाडीत घरचीच मंडळी होती: नवरा, त्याची आत्या आणि आत्याची सून. पूर्वी लोक झाडांकडे बघायचे, आता फोनकडे बघतात. कोणाला बिबट्या दिसला की तो जीपवाल्यांच्या ग्रुपवर फोटो आणि जागा टाकतो, सगळ्यांचे फोन वाजतात आणि पाच मिनिटांत साऱ्या जीप तिथे हजर.

फोन वाजला. सुनेने हातातला माझा फोन पुढे केला. फोटोत बिबट्या नव्हता. आमचीच जीप होती, मागून टिपलेली.

“असेल कोणीतरी चेष्टेखोर,” नवरा म्हणाला.

मी आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता.

दुसरा फोटो जवळून, गवताच्या उंचीवरून काढलेला होता. तिसऱ्यात सुनेच्या वेणीचं लाल रबर ओळखू येत होतं.

“बरी दिसतेस हो,” आत्याबाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही. मी मात्र गाडी नीट चालवत होते.

वळणावर झाड आडवं पडलं होतं. मी थांबले.

फोन वाजला. या वेळी नुसती आमची जागा होती आणि खाली दोन शब्द: ‘चौघं. थांबलीत.’

दोन्ही बाजूंचं गवत हलू लागलं. आम्हा जीपवाल्यांसारखी घाई त्यात नव्हती.

आत्याबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “दिसलोय ते आपण.”