एका आण्यात पाच रिंगा

माहेरी परतल्यापासून कमल उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. उत्तरेश्वरानं बहिणीला हट्टानंच येरमाळ्याच्या जत्रेला आणलं. जत्रेतला जुगार दोघंही पहिल्यांदाच खेळणार, तेव्हा फसायला नको म्हणून त्यानं आधी सगळी पालं पालथी घातली. बाकीकडं एका आण्यात तीनच रिंगा, इथं चक्क पाच!

"इथंच टाक, कमल. लई स्वस्त हाय."

लहानपणी एका दगडात चिंच पाडणारी पोर, पण आज तिच्या पाचही रिंगा भलतीकडंच पडल्या. पालवाला गालात हसला.

"आगं, नेम कुठं गेला तुझा?" उत्तरेश्वर वैतागला.

 

कमलनं उघडी मनगटं पदराखाली घेतली. "नेम हाय तसाच हाय, दादा. पर इथं जिंकल्यावर हिरव्या बांगड्याच मिळत्यात."