वारा कुठून, पाणी कुठे

पूल बांधायचं शिकलेली ती समुद्राच्या अभियांत्रिकीकडे वळली, त्याला जेमतेम एक सत्र झालं होतं. लाटा मोजणारा तिचा पिवळा तरंगता बोया साखळी तुटून वाहून गेला आणि त्याच्याबरोबर सत्रभराचा अभ्यासही. तो कुठवर गेला असेल, याचा हिशेब तिनेच मांडला होता. त्या जागी बोट सकाळपासून घिरट्या घालत होती, पण बोयाचा मागमूस नव्हता. तिला शिकवणाऱ्या मॅडम दुर्बिणीतून पाणी न्याहाळत होत्या.

"प्रवाह कुठला धरलास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उत्तरेचा. म्हणून तर आपण दक्षिणेला शोधतोय."

"अगं, उत्तरेचा प्रवाह म्हणजे उत्तरेकडे जाणारा!"

"पण उत्तरेचा वारा तर उत्तरेकडून येतो ना?" ती पार गोंधळली.

"वाऱ्याला विचारायचं, कुठून आलास. पाण्याला विचारायचं, कुठे निघालंस."

"असं उलटं का?"

"देव जाणे." मॅडम नावाड्याकडे वळल्या. "बोट फिरवा हो!"

मूळ जागेपासून तेवढंच अंतर उत्तरेला गेले, तर बोया तिथे निवांत डुलत होता. त्याला वर ओढता ओढता तिला रडूच फुटलं. "मॅडम, एवढं साधंही मला येत नाही. मी आपली परत पुलांकडेच जाते."

मॅडमनी तिच्या हातातला ओला दोर घेतला. नजर चुकवत त्या म्हणाल्या, "मग मी कुठे जाऊ? काल तुझा हिशेब तपासून मीच बरोबर म्हटलं होतं."