नळीच्या तळाचा ठिपका

“दिसतोय अजून,” बाप म्हणाला. “ओत तू.”

मामाने ओतायचं केव्हाच थांबवलं होतं. त्याच्या हातात बोटभर जाडीची नळी होती आणि नळीच्या तळाला एक काळा ठिपका. हौदाच्या थोड्या पाण्यात तपासणीची पूड कालवली की ते दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. ठिपका जितका लवकर बुडेल तितकं पाण्यात क्लोरीन टिकवणारं स्टॅबिलायझर जास्त. हौद साफ करणं हा मामाचा धंदाच होता. त्याच्या डोळ्यांपुढून ठिपका पाव नळीतच गेला होता.

“भावजी, नीट बघा.”

“नीटच बघतोय. पुसट आहे, पण आहे.”

लेक चाकाच्या खुर्चीत भिंतीच्या सावलीला बसली होती. डाव्या पावलाला बँडेज, उजवं उघडं. अपघातानंतर कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बापाने मागच्या अंगणातली झाडं काढून हा हौद बांधला. तिला रोज उचलून पाण्यात न्यायचं, स्वतः छातीभर पाण्यात उभं राहायचं आणि तिच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहायचं, हे त्याचं काम. पाण्यात अंगठा हलत होता. फार नाही, पण हलत होता. घरी येईल त्याला तो हे सांगायचा, सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही त्याने सोडलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिच्या डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पू झाला. तिला दुखणार कुठून? चादरीला डाग पडला तेव्हा कळलं. पाणी तपासल्याशिवाय तिला उतरवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि आईने आपल्या भावाला फोन केला.

मामाने मग एक गोष्ट केली. उरलेलं सगळं पाणी नळीत ओतलं, काठोकाठ.

“आता?”

बाप वाकला. कपाळावरचा घाम नळीत पडेल इतका वाकला. “आहे,” तो म्हणाला.

मामाने नळी भाचीपुढे धरली. तिने एकदाच आत पाहिलं आणि मान हलवली. नाही.

“भावजी,” मामा जरा दमाने म्हणाला, “टक लावून बघायचं नसतं हो. ठिपका कुठेय ते डोळ्यांना ठाऊक असतं ना, मग तो नसला तरी ते दाखवतात. एकदा बघायचं, नजर काढून भिंतीकडे न्यायची आणि परत बघायचं. तुम्ही दर वेळी नळी अशीच भरत गेला असणार. आकडा कमी आला की वर आणखी स्टॅबिलायझर टाकलं असणार.”

“टाकलं. ऊन किती आहे बघतोस ना? क्लोरीन दुपारपर्यंत टिकत नव्हतं.”

“ते छत्रीसारखं असतं. उन्हापासून क्लोरीनला सांभाळतं. पण जास्त झालं की क्लोरीन छत्रीखालीच बसून राहतं, कामाला म्हणून बाहेर पडत नाही. पाणी वरून आरशासारखं दिसतं आणि आत नको ते वाढत असतं.”

“मग क्लोरीन दुप्पट करतो.”

“नाही चालणार.”

“उतारा असेल ना त्याच्यावर काही? तुमच्या धंद्यात असतंच काहीतरी.”

“ते उन्हाने उडत नाही की गाळून निघत नाही. पाणी काढून टाकायचं, एवढंच.”

“काढ मग. आत्ता काढ. संध्याकाळपर्यंत भरून घेऊ.”

घरातल्या नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, तेही करंगळीएवढ्या धारेने. हौद भरण्यावर या उन्हाळ्यात बंदी होती. एकदा रिकामा झाला की तो कोरडाच राहणार, हे बापालाही माहीत होतं.

“राहू दे तसंच,” तो म्हणाला. “मी पायाला प्लास्टिक बांधून उतरवीन. रोज बांधीन. अरे, आत्ता कुठे पाय शुद्धीवर येतोय तिचा! गुरुवारी किती हलला अंगठा! तू नव्हतास. तिलाच विचार.”

मामाने विचारलं नाही. तो नळी पुसत राहिला, कोरडी झाली तरी पुसत राहिला.

“बाबा,” लेक म्हणाली.

“सांग ना त्याला.”

“बाबा, तुम्ही पाण्यात हलायचात. पाणी हलायचं.”

“मी हलत नव्हतो. मी श्वास धरून उभा असायचो.”

“मलाही आधी खरं वाटलं होतं. मग तुम्ही इतके खूश असायचात की सांगवेना.” तिने दोन्ही हातांनी उजवी मांडी धरून पाय थोडा पुढे ओढला. पाऊल उन्हात आलं. “बघा. मी हलवतेय. आत्ता, सगळा जोर लावून हलवतेय. मामा म्हणाला तसं बघा.”

तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ओठ दाताखाली गेला होता.

बापाने अंगठ्याकडे पाहिलं. मग नजर काढून भिंतीकडे नेली.

“बाबा, आता परत बघा.”

तो भिंतीकडेच बघत राहिला.