एका वाक्यातल्या दोघी

"ही पुट हर अवे अँड टुक हर टू लंडन," सुभद्राने वाचलं आणि एका दमात मराठीही करून टाकलं, "त्यायनं तिले जपून ठेवलं, अन् लंडनले घेऊन गेले."

सासऱ्यांनी, गोपाळरावांनी, तिला वाक्य पुरं करू दिलं. एरवी असं वाक्य ते अर्ध्यातच अडवत. 'ही' म्हणजे 'तो', एकवचन, हे ते सुनेला वर्षभर सांगत होते आणि सुनेला ते पटत नव्हतं. पुस्तकातला असला म्हणून काय झालं, कोणाचा तरी नवराच की तो. नवऱ्याला 'तो' म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. इंग्रजांचे सगळे नवरे तिच्या तोंडून मानानेच येत-जात आणि सासरे कपाळाला हात लावत.

वांकिडीत सुनेला इंग्रजी शिकवणारं हे एकच घर. गोपाळराव चांद्याच्या मिशन शाळेत शिकलेले, निजामाच्या महसुलात गिरदावरकी करून आता घरी बसलेले. पण हौस त्यांची नव्हती. मुलगा शामराव हैदराबादेत एका वकिलाकडे कामाला लागला, तेव्हा बायकोला सांगून गेला होता, "इंग्रजी वाचता आली की घेऊन जातो." तेव्हापासून दुपारची झाकपाक झाली की सुभद्रा ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. पुस्तक आता संपत आलं होतं.

म्हणून तर मागच्या आठवड्यात गोपाळराव हैदराबादला जाऊन आले. सुनेला केव्हा नेतोस, एवढंच विचारायचं होतं. दार एका अनोळखी बाईने उघडलं. गळ्यात नवं मंगळसूत्र होतं. शामरावने बापाला चहा पाजला आणि म्हणाला, "तिले राहू द्या तिकडंच." तिले म्हणजे कोणाला, हे गोपाळरावांना विचारावं लागलं नाही. घरी येऊन त्यांनी "तब्येत बरी हाये त्याची" एवढंच सांगितलं होतं.

"चुकलं का, मामाजी?"

"पुट अवे म्हंजे काय?"

"नीट जागेवर ठेवनं. तुमीच तं रोज म्हनता, पुट अवे द बुक. मंग मी फडताळात ठेवते."

ते खरं होतं. 'बरोबर' म्हणून पान उलटता आलं असतं, आणि क्षणभर गोपाळरावांच्या मनात तसं आलंही. पण आठवडाभर जे तोंडातून निघत नव्हतं, ते या मेल्या पुस्तकाने आयतं समोर आणून ठेवलं होतं.

"बुकाले तसं होते," ते म्हणाले. "बाईले पुट अवे म्हनलं तं..." त्यांनी पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "टाकली."

"टाकली?"

"हो."

सुभद्राने वाक्यावर बोट ठेवलं. "टाकली, तं मंग लंडनले कशी नेली?"

"हे 'हर' दोन हायेत. पयली येगळी, दुसरी येगळी."

"लिहिलं तं एकसारखंच हाये."

"तसंच लिहितात." गोपाळरावांनी मागचं पान काढून नावं दाखवली. "ही मार्था, त्याची बायको. हिले टाकलं. अन् ही एलन, शिवनकामाले घरी येत होती. तिले नेलं."

हे सगळं ते पानाकडे बघून बोलत होते. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, परत काढला. सुभद्रा पुस्तकाकडे बघतच नव्हती. हैदराबादहून आल्यापासून हा माणूस ताटात अर्धी भाकर टाकून उठत होता. शामरावचं नाव काढलं की काहीतरी निमित्त काढून मागच्या दारी जात होता. आणि आता एका मार्थाचं वाचून त्याचे डोळे भरून आले होते.

सुभद्राला रडू आलं नाही. वाईट वाटलं, असंही नाही. एकाच कुशीवर फार वेळ निजलं की हात जड होतो, आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं. आत सासूबाई डाळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज चालूच होता.

"पुन्हा करते," ती म्हणाली. "त्यानं तिले टाकलं. अन् तिले लंडनले नेलं."

एकही चूक नव्हती. वर्षभरात पहिल्यांदाच ती 'त्यानं' म्हणाली होती. गोपाळराव 'बरोबर' म्हणाले, पण ते त्यांच्या ओठांतच राहिलं.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं.

"एलन. सांगितलं ना आत्ताच."

"तिचं नाही, मामाजी."