आत्याबाईंच्या हातची वीण

"माझ्या विणायच्या सुया तुलाच देणार हाय मी, सगळ्यांसमोर," केवळाबाई सुनेला म्हणाल्या. "पण बारशाला माझ्या पणतूच्या अंगात तुझ्या हातचा स्वेटर पाहिजे. आपल्या कैरीच्या विणीचा. अन् लोकर लातूरचीच आण. तिथं गोलाईच्या बाजारात रामकिशनचं दुकान हाय. नांदेडची लोकर लेकराला टोचती."

"हो, आत्याबाई," सौदामिनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्यायली.

ती या घरात आली तीच मुळी एका स्वेटरच्या जोरावर. बघायला आलेल्या मंडळींपुढं तिच्या आईनं पोह्यांच्या बशांसोबत एक निळा स्वेटर ठेवला होता. "आमच्या पोरीनंच विणलाय." विणला होता शेजारच्या काकूंनी. सौदामिनीला सुई कोणत्या टोकानं धरतात हेही ठाऊक नव्हतं. केवळाबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला आणि जागच्या जागी होकार दिला.

पुढं तिच्यावर विणायची वेळ आलीच नाही. केवळाबाईंच्या हाताचा लौकिकच तेवढा होता. दर दिवाळीत त्या भाऊबिजेला लातूरला भावाकडे जायच्या, घरच्या रगाड्यातून सुटून तिथं निवांत विणायच्या आणि येताना सगळ्या गोतावळ्याला पुरतील एवढे स्वेटर आणायच्या. "आत्याबाईंसमोर मी कसली सुई धरते!" असं म्हणून सौदामिनी सुटायची, वर नम्र सून म्हणून मिरवायचीही. पण आता केवळाबाईंची बोटं आखडली होती आणि सौदामिनीची लेक तनुजा माहेरी बाळंत झाली होती.

लेकरू जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विणू-शिवू नये, हा घरचा दंडक. त्यामुळं सगळं आता बारशाच्या आतच उरकायचं होतं.

सौदामिनीनं दार लावून मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. विणलं, उसवलं, पुन्हा विणलं. पट्टी एका बाजूनं आखडत गेली, मधेच भोक पडलं. शाळेत मुलांना फळ्यावर गणित शिकवताना तिच्या डोक्यात उलटे-सुलटे टाके फिरायचे. भाजीत दोनदा मीठ पडलं.

"काय होऊन राहिलं तुला?" नवऱ्यानं, अनंतरावांनी, विचारलं.

"कुठं काय?"

स्वतःची फजिती तिनं सोसलीही असती. पण चारचौघांत कुणी म्हणालं असतं, खोटं दाखवून पोरगी गळ्यात मारली, तर? आई आता नव्हती. गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. आईला कुणी नावं ठेवलेली तिला ऐकवणार नव्हती.

लोकर आणायच्या निमित्तानं तिनं लातूरची एसटी धरली. पिशवीत तनुजाचा लहानपणीचा स्वेटर होता, केवळाबाईंनी आणलेला, कैरीच्या विणीचा. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तिच्या जिवाला थारा नव्हता. लातुरात आपल्याला कोण ओळखतंय, असं ती मनाला बजावत राहिली.

दुकानात तिनं पिवळी लोकर निवडली. मग गिऱ्हाईक पांगल्यावर हळूच विचारलं, "इथं कुणी विणून देतं का हो?"

"हाव, शिवम्मा हाय ना," रामकिशन म्हणाला. "मागच्या बोळात."

शिवम्मा उदगीरकडची, चांगलीच म्हातारी. तिनं जुना स्वेटर हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, कैरीवरून अंगठा फिरवला.

"कुणी विणलाय?"

"आमच्या सासूबाईंनी."

शिवम्मानं तिच्याकडं पाहिलं. मग स्वेटर मांडीवर पसरून त्याच्या बाह्या नीट केल्या. "लई चांगला हात हाय."

"अगदी तस्सा होईल ना? घरात कुणाला कळता कामा नये हो."

"कळत न्हाई, बाई. मी कुणाचं कुणाला सांगत न्हाई."

बारशाच्या आदल्या दिवशी सौदामिनी पुन्हा जाऊन स्वेटर घेऊन आली. तो पाहून तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिनं तो पिशवीच्या तळाशी दडवला.

बारशाला हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. केवळाबाईंनी चष्मा लावला. स्वेटर उलटा केला, गळा पाहिला, बाही ओढून पाहिली.

"माझाच हात उतरलाय हिच्यात," केवळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

त्यांनी रेशमी रुमालातून सुया काढल्या आणि सुनेच्या हातात दिल्या. इतक्या वर्षांच्या सुया, पण नव्यासारख्या लखलखीत. "वस्तू वापरावी तर अशी!" चुलतसासू चांगुणाबाई कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांना सुचायला नको ते सुचलं. "सौदामिनी, दोन ओळी विणून दाखव की गं. आमच्या पोरींना बघू दे."

सौदामिनीनं सुया पदराखाली घेतल्या.

"आज न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "बारशाच्या दिवशी घरात सुई चालवत न्हाईत."

असा नेम कुणी कधी ऐकला नव्हता. पण केवळाबाईंपुढं बोलणार कोण? पाळण्याची गाणी सुरू झाली.

पाहुणे पांगले तरी सौदामिनीचा जीव शांत होईना. आता तर आईच्या खोट्यावर तिनं स्वतःचंही खोटं चढवलं होतं. शेवटी ती सासूच्या खोलीत गेली आणि सुया पलंगावर ठेवल्या.

"आत्याबाई, या मला नकोत. आईला बोल लावू नका, पण हा स्वेटर मी..."

"दार लाव आधी," केवळाबाई म्हणाल्या. सौदामिनीनं दार लावलं. म्हातारीनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"शिवम्मानं मोतीबिंदू काढला का न्हाई गं? माझ्या शेवटच्या खेपेला तर तिनं भाऊबीज होऊन गेली तरी स्वेटर दिले नव्हते."