बर्फ बघायला

कॅनडातल्या कनाटाला मुलाकडे नात सांभाळायला आलेल्या चित्राताईंनी परस्पर स्वित्झर्लंडचं तिकीट काढलं. झुरिक, ल्युसर्न, झरमॅट. दहा दिवस, एकटीनं.

"आई, बर्फच बघायचा तर इथे काय कमी आहे?" निहार म्हणाला.

"इथला मी बघत नाही रे, शोव्हल घेऊन उपसते."

"आणि तुझे गुडघे? तिथे सगळा चढच चढ."

"तिथे डोंगरावर रेल्वे जाते. माझ्या बेसमेंटच्या जिन्याला ती सोय नाही."

निहार मूळ मुद्द्यावर आला. "पण दहा दिवस ऊर्मीला कोण सांभाळणार?"

चित्राताईंनी बॅगेची चेन ओढली.

"तिचे आईबाबा. चांगली माणसं आहेत. त्यातला एक तर मीच वाढवलाय."